वाटीभर बर्फ

मला बर्फ खिडकीपर्यंत हवा होता आणि ताईला वाटीभर. हे आमचं शाळेत असतानाच ठरलं होतं. पुढे नशिबानं बरोबर उलटी वाटणी केली, म्हणून नात्यागोत्यात त्याची कायम थट्टा व्हायची. थट्टा करणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे असायचे. गेल्या जानेवारीपासून मी ती बंद केली आहे.

त्याचं मूळ एका कॅलेंडरात आहे. नेरळच्या किराणा दुकानातून आम्हाला दर वर्षी एक कॅलेंडर मिळायचं. नेहमी देवादिकांचं, पण एका वर्षी दुकानदाराची मती फिरली असावी. त्यानं परदेशातल्या एका घराचं चित्र असलेलं दिलं. उतरतं छप्पर, छपरावर बर्फ, अंगणात बर्फ, खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ, आणि त्या खिडकीत पिवळा दिवा. वर्ष संपल्यावर आईनं तारखांचे कागद चुलीत घातले आणि चित्र तांदळाच्या पिंपाला चिकटवलं. रोज तांदूळ काढायला वाकलं की ते घर समोर यायचं.

थंडीत आम्ही दोघी चुलीच्या उबेला एका गोधडीत झोपायचो आणि झोप लागेपर्यंत एकच खेळ खेळायचो. तुला किती चालेल? घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, उंबऱ्याला लागेल इतका, की खिडकीपर्यंत? एकदा सांगितलं की उत्तर बदलायचं नाही, हा नियम. मी खिडकीपर्यंत म्हणायचे. शाळा बंद, विहिरीवर जायला नको, गवताचा भारा आणायला नको, कुणी हाक मारत येणार नाही, आणि आत दिवा. ताई मात्र थंडीला टरकायची. मार्गशीर्ष लागला की दोन झगे एकावर एक घालायची, आणि अंघोळीला आई तिला दंडाला धरून न्यायची. ती म्हणायची, "मला वाटीभर. वर साखर घालून खाईन आणि वाटी धुऊन ठेवीन."

तशी आमच्या पोशीर गावची थंडी ती केवढी. सकाळी माथेरानच्या बाजूनं धुकं शेतात उतरतं, पेंढ्याच्या उडव्या दवानं ओल्या होतात, आणि दहा वाजले की स्वेटर कमरेला. पण तेवढ्यावरही ताईची कुरकुर महिनाभर चालायची. म्हणून तिला स्थळ आलं आणि नवरामुलगा कॅनडाला जाणार असं कळलं, तेव्हा घरात हसू फुटलं होतं. आई म्हणाली, "वाटी बांधून देते गं सोबत." ताई हसता हसता रडायला लागली.

मी इथेच राहिले. डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, कळंब आणि आसपासच्या शाळांत तीस-एक वर्षं शिकवलं. माझं लग्न जमलं नाही. त्याची गोष्ट वेगळी, आणि मला ती सांगायला आवडत नाही.

ताईचे फोन रविवारी यायचे. हिवाळ्यात त्या फोनात बर्फाशिवाय दुसरं काही नसायचं. दारातला बर्फ उपसून कंबर गेली, गाडी अर्धा तास खरवडावी लागते, हाताची कातडी फुटते, चार वाजता अंधार पडतो आणि झाडं मेल्यासारखी उभी असतात. "देवानं आपल्या दोघींच्या चिठ्ठ्या बदलल्या बघ," ती म्हणायची. "तुझी मला दिली." मी तिची समजूत घालायचे. फोन ठेवला की आईला सांगायचे, बिचारीचे हाल आहेत. आई देवापुढे दिवा लावताना जावयाच्या नोकरीच्या आधी ताईच्या हातापायांच्या भेगांसाठी काहीतरी पुटपुटायची.

असं वर्षानुवर्षं ऐकलं की माणसाची हौस फिटते, तीही न बघता. माझं तसंच झालं. चौथीच्या पुस्तकात बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं. मुलं विचारायची, बाई, तुम्हाला बघायचाय का खरा बर्फ? मी फाडकन म्हणायचे, त्यात बघण्यासारखं काही नसतं, माझ्या बहिणीला विचारा, जीव नकोसा होतो. किती तुकड्यांना मी हे शिकवलं असेल, कोण जाणे. खिडकीपर्यंत म्हणणारी मी, मला हळूहळू ते चित्रच बावळटपणाचं वाटायला लागलं. आई गेल्यावर पिंप रंगवायला काढलं, तेव्हा मी ते खरवडून काढलं.

निवृत्त झाले तेव्हा मात्र पासपोर्ट काढला. बर्फासाठी नव्हे, ताईसाठी. तिला कळवलं. ती म्हणाली, "हिवाळ्यात तर येऊच नकोस. घराबाहेर पडता येत नाही, तू आजारी पडशील." मी म्हटलं, मग उन्हाळ्यात येते. तर उन्हाळ्यात भावोजींचं दुखणं निघालं. पुढच्या वर्षी आणखी काही. नंतर ती म्हणायला लागली, "तू कशाला तडफडत येतेस, मीच येते." मी तो तिचा चांगुलपणा समजले.

भावोजी गेले आणि ताईचा सूर बदलला. "आता काय ठेवलंय इथे. हा बर्फ एकटीनं सोसवत नाही. दोन हिवाळे काढते, इथलं सगळं आवरते आणि येते ती कायमची." माझ्या आयुष्यात कुणी मला इतकं सुखाचं वाक्य ऐकवलं नव्हतं. मी त्याच आठवड्यात गवंडी बोलावला. घराच्या पूर्वेला एक खोली काढली, मोठ्या खिडकीची, सकाळचं ऊन थेट पलंगावर येईल अशी. तिच्या गुडघ्यांसाठी आत कमोड बसवला. गवंडी म्हणाला, "बाई, खिडकी लय मोठी हाय, थंडीत गारवा शिरंल." मी म्हटलं, जी येणार आहे तिला आपल्या गारव्याचं काय कौतुक, तिला ऊन हवंय.

त्याच सुमारास माझ्याबरोबरच्या चौघी शिक्षिकांनी कर्जतला स्टेशनजवळ एकाच इमारतीत फ्लॅट घेतले. पाचवा माझ्यासाठी बघून ठेवला होता. एकत्र राहायचं, एकत्र फिरायला जायचं, एकीचं दुखलंखुपलं तर बाकीच्या आहेत. त्यांनी मला परोपरीनं गळ घातली. मी नाही म्हटलं. माझी बहीण येणार आहे, आम्ही दोघी पोशीरला राहू, असं सांगताना माझी मान जरा ताठच झाली असेल. तो फ्लॅट कुणा दुसऱ्यानं घेतला. ताईचे दोन हिवाळे मात्र लांबत गेले, दोनाचे पाच झाले.

आमच्याकडे थंडी खरी येते ती पोपटीबरोबर. भात निघाल्यावर त्या ओलीवर वाल पेरतात, आणि जानेवारीत शेंगा भरल्या की पोपटी लावायची. मडक्याच्या तळाला भांबुर्डा या उग्र वासाच्या रानझुडपाचा पाला घालायचा, वर शेंगा, ओवा, जाडं मीठ, हवे तर बटाटे नि अंडी, तोंडाशी पुन्हा पाला दाबून बसवायचा आणि मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं. भोवती पालापाचोळा आणि पेंढा रचून जाळ करायचा. पाणी एक थेंब घालायचं नाही. जाळ चहूबाजूंनी सारखा हवा, एवढंच पथ्य. अर्ध्या तासानं मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते लगेच चुर्र होऊन उडालं की झाली.

ताई कॅनडाला गेल्यापासून दर वर्षी मी तिच्या नावाचं एक रताळं त्यात घालत आले. आधी आई ते खायची, मग मी खायला लागले. मोबाइल आल्यावर रताळ्याचा फोटो तिला जायचा आणि तिचं उत्तर यायचं, "इथे गारठून मेले, एकदा त्या जाळापुढे बसायचंय." हे वाक्य मला पाठ आहे, कारण ते दर वर्षी शब्दशः तेच असायचं. तेव्हाच शंका यायला हवी होती. पेपर तपासण्यात जन्म गेला माझा, कॉपी लगेच ओळखायचे.

गेल्या जानेवारीत ती आली. बरोबर तिची मुलगी होती, म्हणजे माझी भाची, नोकरीतून तीन आठवडे रजा काढून आलेली. ही पहिली फेरी, पुढच्या वेळी सामान येईल, असं मी मनात धरलं होतं. ताईला खोली दाखवली. ती खिडकीशी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "केवढं केलंस गं." त्यात थोडं अवघडलेपण होतं. मला ते उपकाराचं वाटलं. पहाटे मी स्वेटर आणि कानटोपी घालून चहा ठेवायचे आणि ताई पातळ सुती झग्यात ओट्यावर बसलेली असायची. दुपारी पंखा तीनवर. मी म्हटलं, बरोबर आहे, तिकडून आलेल्या माणसाला आपली थंडी काय लागणार.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पोपटी लावली. आमच्याकडे वाडीवरची एक मावशी येते. डोंगराच्या कडेची वस्ती तिची, शेतात मजुरीला येते, आणि भांबुर्ड्याचा पाला इतक्या वर्षांत तिच्याशिवाय कुणी आणलेला नाही. मडकं तिनंच भरलं. ताईच्या नावाचं रताळं मी माझ्या हातानं घातलं आणि तिला दाखवून घातलं. जाळ पेटला. ताईला मी मुद्दाम अगदी जवळ पाट दिला, जिथे धग चांगली लागते तिथे. इतकी वर्षं जिला त्या जाळापुढे बसायचं होतं तिला आणखी कुठे बसवणार? मावशी गुरं बांधायला गेली, मी आत चटणी वाटायला गेले.

परत आले तर ताई पाट मागे सरकवून बसली होती. कपाळावर घाम. हातात एक काठी होती आणि त्या काठीनं ती आपल्या बाजूचा जाळ पलीकडे लोटत होती. मी चटणी खाली ठेवली. मावशीनं पाणी शिंपडून बघितलं ते नेमकं पलीकडच्या बाजूला, तिथे ते चुर्र झालं. मडकं उघडून सुपात ओतलं तेव्हा अर्ध्या शेंगा काळपट होऊन करपून गेल्या होत्या आणि अर्ध्या हिरव्यागार. रताळं त्या हिरव्या बाजूला होतं, दगडासारखं.

मावशीनं एक शेंग दातानं सोलली आणि थुंकली. "ह्या अंगाला जाळच नाय लागला. कच्च्या हायत समद्या. जाळ वढला कुनी?"

"मी," ताई म्हणाली. "फार उकडत होतं गं."

मावशी हसली. तिच्या दृष्टीनं पाहुणीची चूक, विषय संपला. पण आमच्याकडे पोपटीचा जाळ कुणी लोटत नाही. थंडी नसली तरी लोटत नाही. सगळे पुढे सरकतात, मागे कुणी सरकत नाही. मी कच्चं रताळं हातात घेऊन उभी होते, आणि भाचीला ते बघून वाटलं की मला वाईट वाटलं असेल. समजूत घालायला ती म्हणाली, "मावशी, मनावर घेऊ नकोस. आईला उष्णता सोसतच नाही. घरीसुद्धा आम्ही हीटर लावला की ती बंद करते. मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला की दोन दिवस तिचा चेहरा पडलेला असतो."

"कुणाचा?" मी विचारलं.

"आईचा. म्हणून तर ते आणखी वर, उत्तरेला, नवं घर घेतलं. तिथे सहा महिने बर्फ असतो. आम्ही किती नको म्हटलं, पण ऐकते कुठे. तू फोटो नाही बघितलेस?"

ताई म्हणाली, "राहू दे आता ते." पण भाचीनं मोबाइल पुढे केला होता. पहिल्या फोटोत ताई, पायांत बर्फावर चालायचे जाळीचे रुंद जोडे, तोंड भरून हसणारी. तिला इतकं हसताना मी लहानपणानंतर बघितलं नव्हतं. दुसऱ्या फोटोत घर होतं. उतरतं छप्पर, छपरावर बर्फ, खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ. खिडकीत पिवळा दिवा.

तांदळाच्या पिंपावरचं घर. मी खरवडून काढलं ते.

त्या संध्याकाळी आम्ही पिठलंभात खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाची फिरायला गेल्यावर मी ताईच्या खोलीत गेले. म्हणजे मी तिच्यासाठी बांधलेल्या खोलीत. ऊन पलंगावर आलं होतं आणि तिनं उन्हाच्या बाजूला चादर लावून टाकली होती.

"घर कधी घेतलंस?"

"हे गेले त्याच्या पुढच्या वर्षी."

"तेव्हा तू मला दोन हिवाळे म्हणत होतीस."

ती पलंगाच्या कडेला बसली. मग म्हणाली, "पहिली काही वर्षं मी खरंच रडले. ते खोटं नव्हतं. मग कधीतरी बर्फ आवडायला लागला, मलाच कळलं नाही. आणि तुला कोणत्या तोंडानं सांगणार? तुझ्या वाटणीचा होता तो. मला मिळाला, आणि वर आवडलाही."

हे मी सोसलं असतं. खरंच सोसलं असतं. थोरली बहीण आहे, माझं मन जपायला खोटं बोलली, असं म्हणून मी गिळलं असतं. पण शाळेतली सवय, एका उत्तरावर समाधान होत नाही.

"मग मला बोलावलं का नाहीस?"

तिनं बोटांनी चादरीची चुणी काढली, पुन्हा घातली. "तू आली असतीस तर तुला आवडला असता," ती म्हणाली. "तू राहिली असतीस. मग इथे कोण राहिलं असतं? आई होती तोवर आई. नंतर तूच. मला लागायचं गं ते, की पोशीरला दार उघडं आहे, कुणीतरी माझी वाट बघतंय. त्याच्या जोरावर मी तिथे राहू शकले."

"आणि येणार होतीस?"

"नाही," ती म्हणाली. निदान तेव्हा तरी खरं बोलली.

केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मी मुलांना वाक्यात उपयोग करून शिकवलं होतं. मला वाटायचं त्यात शत्रू लागतो. मी तिला ओरडून काही बोलले नाही, त्याचा मला आजही राग येतो. तिनं माझी पाच वर्षं घेतली, कर्जतचं घर घालवलं, मैत्रिणींची सोबत घालवली, पण त्याहून मला झोंबतं ते दुसरंच. तिनं माझ्या मनातून बर्फ काढून टाकला आणि स्वतः जाऊन त्यात राहिली. मला त्याची किळस शिकवली. मी त्या किळसेला माझं स्वतःचं मत समजत होते, पोरांपुढे मिरवत होते.

जाताना तिनं दारात विचारलं, "रागावलीस?"

"हो," मी म्हटलं. तिला वाटलं मी नाही म्हणेन.

या हिवाळ्यात मी नेरळच्या बाजारातून लहान मडकं आणलं. कुंभारीण म्हणाली, "येवढंसंच? पावनी नाय येनार ह्या वर्साला?" म्हटलं, नाही येणार. पूर्वेच्या खोलीत वालाचं बियाणं वाळत घातलं आहे, ऊन चांगलं लागतं. फोन मात्र रविवारचे चालू आहेत, मी तोडले नाहीत. मला कर्जतला कुणी आता पाचवी धरणार नाही, आणि ती एकच बहीण आहे.

परवाच्या फोनात तिनं कॅमेरा खिडकीकडे वळवला. आता लपवायचं काही उरलं नाही, त्यामुळे ती मोकळी झाली आहे, आनंदानं बोलते. बर्फ काचेच्या निम्म्यापर्यंत आला होता. वरच्या अर्ध्या काचेतून निळसर उजेड आत येत होता, आणि तो खालचा बर्फ पांढरा नव्हता, आतून कसलातरी रंग असल्यासारखा होता. कॅलेंडरात तो तसा नव्हता. माझा चहा गार झाला. कपाटात पासपोर्ट आहे, त्याची मुदत अजून संपलेली नाही, हे मला फोन हातात असताना आठवलं.

"ये ना गं एकदा," ताई म्हणाली. "तिकीट काढते. तुला आता किती चालेल सांग. खिडकीपर्यंत ना?"

"वाटीभर," मी म्हटलं.

एकदा सांगितलं की बदलायचं नाही, हा नियम तिला आठवेल म्हणून मी थांबले. जरा जास्तच थांबले.

"हो ना," ती म्हणाली. "वय झालं आपलं." आणि तिनं ते तिथल्या तिथे खरं मानलं.